रत्नागिरीत राहिलेला डबा

या सोमवारी दुपारी प्रज्ञा रत्नागिरीजवळच्या शाळेतून कार्यमुक्त झाली. ती लोणारची. भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका दोनशिक्षकी शाळेत आठ वर्षं शिकवत होती. कार्यमुक्त होणं म्हणजे बदलीचा आदेश झाल्यावर जुन्या शाळेने प्रत्यक्ष सोडणं. आदेश आणि सोडणं यांच्यात कधी आठवडा जातो, कधी त्याहून जास्त. प्रज्ञाची दोन वर्षं गेली.

फोन माझ्या थोरल्या बहिणीला, वंदनाताईला आला. ताई तेव्हा दुसरबीडच्या घरी आईबरोबर कुरडयांचा चीक घोटत होती. तिने ऐकून घेतलं, "हाव. हाव. बरं झालं माय," एवढंच म्हणाली आणि घोटणं आईच्या हातात देऊन अंगणात गेली. मी चिखलीतून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. तिने पुढचा फोन मला केला. "बापू, पक्कं हाय. तिची सही झाली. मीच तिले दोनदा इचारलं." बातमी खात्री करून सांगायची, हे तिला माझ्यामुळे ठाऊक झालं आहे.

मे महिना आमच्या भागात बदल्यांचा असतो. बाजार समितीतली तूर-हरभऱ्याची गर्दी ओसरलेली असते, शेतं नांगरून उघडी पडलेली, गच्च्यांवर पापड आणि कुरडया. ज्या घरातलं कोणी कोकणात मास्तर आहे, त्या घरात या दिवसांत फोन उशाशी घेऊन झोपतात. बुलढाण्याच्या खेड्यांतून अशी बरीच घरं आहेत. डी.एड. झालं, जागा कोकणात निघाल्या, पोरं गेली. परत येण्याची वाट या महिन्यात पाहायची असते.

आमचं घर त्यातलंच. ताई रत्नागिरीत नऊ वर्षं होती. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, ते याच नोकरीमुळे. पाहुणे चहा पिईपर्यंत सगळं जुळलेलं असायचं. मग कोणीतरी विचारायचं, "नोकरी कुठं म्हणता?" रत्नागिरी म्हटलं की कप खाली ठेवला जायचा. वडील गेल्यावर आई दुसरबीडला एकटी राहू लागली. गुडघे दुखत, पण ती चिखलीला माझ्याकडे यायला तयार नव्हती. "शेत तू पाहशीन का फोनवरून?" हा तिचा प्रश्न असे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ताईचा आदेश निघाला. त्याच यादीत प्रज्ञाचंही नाव होतं. दोघी एकाच शाळेत, एकाच खोलीत राहत. ताईचं सामान आणायला मी आईला घेऊन निघालो. चिखलीहून पुणे, पुण्याहून आंबा घाटाने रत्नागिरी. पोचलो तेव्हा कळलं, की दोघींच्या जागी यायचे शिक्षक अजून हजर झालेले नाहीत. ते येईपर्यंत शाळा सोडता येत नाही. कधी येतील, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

आम्ही थांबलो. ताईने तिची रत्नागिरी आम्हाला दाखवली ती त्या थांबण्यामुळे.

पहिल्या संध्याकाळी तिने आम्हाला मांडवीला नेलं. तिथली वाळू काळी आहे. धक्क्यावर माणसं ओळीने पाय सोडून बसतात आणि समोर सूर्य उतरतो. भेळेच्या गाड्या, शहाळी, कैरीच्या फोडी, कोकम सरबत. आईने समुद्र आधी पाहिला नव्हता. तिने पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. ती वाळूत उतरली, पाण्याजवळ गेली, चपला काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांवर शिदोरीचं फडकं ठेवलं आणि जरा बाजूला जाऊन पाण्यात उभी राहिली. लोणारला काठावर ठेवलेली चप्पल काठावरच राहते. पाणी हलत नाही. हटतं ते उन्हाळ्यात, तेही हळूहळू. आईचा पाण्याशी तेवढाच परिचय होता.

आम्ही भेळ घेऊन वळलो तेव्हा फडकं तरंगत होतं आणि एक चप्पल नव्हती.

"कोणं नेली माही चप्पल?" आई आजूबाजूच्या माणसांकडे पाहत म्हणाली.

"समुद्राने नेली, आई. भरती लागली ना आता," भेळवाला म्हणाला.

"माणसाले न इचारता?"

"तो कोणालाच विचारत नाय."

"अन् एक काऊन नेली? न्यायची त दोन्ही न्या लागत होती. एकीचं मी काय करू, अन् तो तरी काय करीन?"

भेळवाला हसला. भेळेत कैरी जास्त टाकून त्याने आईला दुसरा द्रोण दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडून गेलो तर गाडीच्या बांबूला चप्पल उलटी टांगलेली होती. सकाळी ओहोटीत मिळाली, म्हणाला. आईने ती वास घेऊन पाहिली आणि घातली. ती जोडी तिच्याकडे अजून आहे. एक चप्पल दुसरीपेक्षा फिकट आहे.

ताईची दुसरी जागा बाजारामागच्या गल्लीतली खानावळ. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकी म्हणत. चार टेबलं, भिंतीला हिरवा रंग, दाराशी नारळाच्या सोडणांचा ढीग. इथे ताई नोकरीच्या पहिल्या महिन्यात रडली होती. भात, पुन्हा भात, आणि आमटीत गोडसर नारळ. तिखट मागितलं तर काकींनी हिरवी मिरची ताटात ठेवली होती. पुढे काकींनी तिला बांगडा सोलून खायला शिकवलं. काटा घशात अडकला तर भाताचा कोरडा घास गिळायचा, हे आधी सांगून मग ताट वाढत. ताई दर रविवारी काकींच्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापू लागली आणि काकींकडे रविवारी झुणका-भाकर मागणारी गिऱ्हाइकं तयार झाली.

आईपुढे काकींनी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढीचा पेला ठेवला. मासे आई खात नाही. पेला तिने उजेडाकडे धरून पाहिला.

"हे ताक गुलाबी काऊन हाये वो?"

"ताक नाय ते, आई. सोलकढी. नारळाचं दूध आणि कोकम. पोटाला थंड."

आईने एक घोट घेतला, पेला ठेवला, खानावळीतल्या मिठाच्या भांड्याकडे हात नेला आणि चिमूटभर मीठ टाकलं. काकी पाहत राहिल्या. आईने पेला संपवला आणि पुढे केला.

"अजून द्या. पण मीठ मी टाकतो."

"वंदना अशीच होती गो पहिल्यांदा," काकी प्रज्ञाला म्हणाल्या. "आता बिनमिठाची पिते."

"इथं राहून मीठ सोडलं पोरीनं," आई म्हणाली. सूर तक्रारीचा होता, पण तिने तो पेलाही संपवला.

तिसरी जागा एसटी स्टँडाजवळची चहाची टपरी. रविवारी सकाळी तिथे आमच्याकडचे मास्तर जमत. मेहकरचे, खामगावचे, सिंदखेडराजाचे, पलीकडचे जालन्याचे. शाळेत आठवडाभर जपून बोललेली जीभ इथे मोकळी सोडत. "काय करून राह्यला बे?" असं भर रस्त्यात मोठ्याने म्हणता येणारी ती एकच जागा, असं प्रज्ञाने सांगितलं. शाळेतली मुलं तिच्या बोलण्याला पहिलं वर्षभर हसायची. मग त्यांच्यातली काही घरी जाऊन आईला 'मले भूक लागली' म्हणू लागली आणि एक पालक शाळेत विचारायला आले. टपरीवर ही हकीकत प्रज्ञा सांगायची तेव्हा सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

ताईला सगळ्यात आवडे तो रत्नदुर्ग. आम्ही सकाळी गेलो. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत देवीचं देऊळ, तटावर वारा. खाली एका अंगाला पांढरी वाळू, दुसऱ्या अंगाला काळी. आई तटाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. "आपल्याकडं पाणी खाली अन् माणसं काठावर," ती म्हणाली. "इथं माणसालेच पाण्यानं घेरलं." मिरकरवाड्याला होड्या किनाऱ्यावर ओढत होते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी जवळ आली होती. गावात आगोटीची खरेदी चालली होती. आगोट म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरायचं सामान: सुके बोंबील, सोडे, कोकम, लाकूडफाटा. आईला ते लगेच समजलं. ती स्वतः तेव्हा दुसरबीडला वाळवणं टाकून आली होती. बाजारात एका बाईकडून तिने कोकम घेतलं आणि आमच्याकडे डाळ कशी साठवतात ते तिला सांगितलं. दोघींना एकमेकींचे निम्मे शब्द कळत नव्हते. दोघी जिथे मान हलवायला हवी तिथेच हलवत होत्या.

बुद्धपौर्णिमा त्याच मुक्कामात आली. प्रज्ञाने खीर केली, नारळाच्या दुधात. लोणारला तिच्या घरी गाईच्या दुधात होते. ती आधी फोनवर मुलीशी बोलली. मुलगी तेव्हा चार वर्षांची, वडील आणि आजीबरोबर लोणारला राहायची. प्रज्ञाने फोन खिरीवर धरला. "पाह्य, पांढरीफेक." मुलगी म्हणाली, "आपलीबी पांढरीच हाय." मग प्रज्ञाने वाट्या भरल्या.

खोलीत दाराआड एक पत्र्याचा डबा होता. तेलाचा पंधरा किलोचा, चिखलीच्या पत्रेवाल्याने झाकण आणि कडी बसवून दिलेला. त्यात ज्वारी. ज्वारी रत्नागिरीच्या बाजारातही मिळते, पण ही घरची. सुट्टीहून येणारा प्रत्येक जण आपल्या शेतातली किंवा ओळखीच्यांकडची थोडी आणून या डब्यात ओते; पीठ त्या दमट हवेत टिकत नाही, म्हणून दाणेच. लागेल तसं दळून ज्याला हवं तो नेई. गिरणीवाला तांदळाच्या दळणात ज्वारी घालत नसे, म्हणून सगळ्यांचं दळण एकदम नेत. डबा कोणी आणला ते ताईलाही माहीत नव्हतं. तिच्याकडे तो आधीच्या बाईंकडून आला होता. रीत एवढीच: जो सुटेल त्याने डबा भरायचा आणि मागे राहणाऱ्यांपैकी सगळ्यात जुन्या माणसाकडे ठेवून जायचं. डबा घाट चढत नाही, असं ते म्हणत.

मेच्या शेवटी एक शिक्षक हजर झाले. एकच. दुसरे येणार नसल्याचं कळलं. दोघींपैकी एकीला सोडता येणार होतं, आणि सेवा जास्त असल्याने नाव ताईचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो होतो. ताई वाळूत रेघा ओढत होती.

"मी लेखी देतो," ती म्हणाली. "मले पुढच्या वर्षी सोडा म्हणून. तुही पोरगी लहान हाय."

प्रज्ञा शहाळं पीत होती. तिने नळी काढली. "माह्या पोरीजवळ तिचा बाप हाय, आजी हाय, शेजारची शंभर माणसं हायेत. मावशीजवळ कोण हाय?" तिने आईकडे बोट केलं.

"बापू हाय ना."

"बापू चिखलीले राह्यते. बातमी झाल्याबिगर तो कुठी जात नाही. मावशी पडल्या तरच येईन तो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "खरं बोलते पोरगी."

प्रज्ञाने शहाळं फोडून मलई काढली आणि निम्मी ताईपुढे केली. "ताई, नऊ वर्षं मावशीनं तुही वाट पाह्यली. आता तू जाय. माही पाळी येईन." मग मलईचा तुकडा तोंडात टाकून, "पोरीले अधूनमधून भेटत जाय म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी ताई कार्यमुक्त झाली. तिने डबा काठोकाठ भरला. काकींनी रात्रीचं जेवण पाठवलं, त्यात सोलकढीची बाटली आणि मिठाची पुडी वेगळी. चिखलीच्या एका फळवाल्याचा पिकअप आंबे न्यायला आला होता. त्याच्या कडेला ताईचं सामान बसलं. सामान लावण्याचं काम आईने हातात घेतलं. पहाटे आम्ही घाट चढलो. गाडीत हापूसचा वास होता, आणि ताई रत्नागिरी दिसेनाशी झाल्यावरही खिडकीकडेच तोंड करून बसली होती.

दुसरबीडला सामान उतरवताना वाकळांच्या मागून डबा निघाला.

"आई, हा काऊन आणला?"

"भरलेला होता म्हणून आणला. घरची ज्वारी परक्या गावात ठेवून येतेत का कोणी? अन् डबा पाह्य, कसा दणकट हाय."

ताई ओसरीवर बसली. तिने आईला रीत सांगितली. आईने ती पूर्ण ऐकली. "मंग मले आधी काऊन नाही सांगितलं," एवढं म्हणून ती आत गेली. तिने त्या दिवशी भाकरी केल्या, त्या कणगीतल्या ज्वारीच्या. डब्याच्या झाकणाला तिने हात लावला नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे कोकणानंतर उघडतात. ताईच्या नव्या शाळेला सुट्टी होती, प्रज्ञाची सुरू होत होती. त्या मधल्या दिवसांत ताई डबा घेऊन परत रत्नागिरीला गेली. चिखलीच्या स्टँडवर कंडक्टरने डब्यात काय आहे विचारलं. "ज्वारी." "रत्नागिरीले ज्वारी?" "हाव." त्याने तो पुढच्या सीटखाली सरकवला. ताई पोचली तेव्हा मांडवीच्या गाड्या पावसाळ्यासाठी झाकून बांधलेल्या होत्या आणि धक्क्यावर कोणी नव्हतं. काकींची खानावळ उघडी होती. ताई, प्रज्ञा आणि टपरीवरचे उरलेले मास्तर तिथे जेवले. प्रज्ञाने फोनवर आईला सांगितलं, "मावशी, डबा आला. तुमच्या ज्वारीच्या भाकरी पांढऱ्याशुभ्र झाल्या."

"मीठ टाकलं का पिठात?" आईने विचारलं. "थोडं टाकावं."

त्यानंतरची दोन वर्षं ताई महिन्यातून एका रविवारी लोणारला जात आली. प्रज्ञाच्या मुलीला घेऊन ती स्टँडासमोरच्या हॉटेलात कचोरी खाते, धारेच्या झऱ्यावर हात-पाय धुते, कधी काठावरून सरोवर दाखवते. एकदा मुलीने विचारलं, "याच्यात लाटा काऊन नाहीत? आईच्या पाण्यात हायेत." ताईने घरी येऊन हे मला सांगितलं आणि भाजी निवडायला घेतली. प्रज्ञा प्रत्येक सुट्टीत येताना कोकम आणायची. दुसरबीडच्या घरात त्यामुळे आता सोलकढी होते. नारळ चिखलीहून मी नेतो. वाटण आईच्या पाट्यावर होतं, आणि शेजारच्या बायका 'वंदनाचं गुलाबी ताक' मागायला येतात.

रत्नागिरीने ताईची उमेदीची वर्षं घेतली, असं आमच्या घरात बरीच वर्षं बोललं जाई. अलीकडे कोणी तसं बोलत नाही. आई शेजारणींना भेळवाल्याची गोष्ट सांगते, काकींची सांगते, आणि तिच्या सांगण्यात समुद्रसुद्धा शेवटी चप्पल परत करणारा होतो. दोन शिक्षकांच्या त्या शाळेत प्रज्ञा मागे राहिली नसती, तर आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, शेताचे दोन हंगाम आणि मागच्या फाल्गुनात ताईचं ठरलेलं लग्न, यातलं काय कसं झालं असतं, ते सांगता येत नाही. जे झालं ते एवढं: आई काठीशिवाय विहिरीपर्यंत जाते. लग्न दिवाळीनंतर आहे. नवरा मुलगा देऊळगाव राजाच्या शाळेत मास्तर आहे.

सोमवारी प्रज्ञाने डबा भरून खोलीत ठेवला. तो आता मेहकरच्या एका शिक्षिकेकडे आहे, तिथे तीन वर्षं झालेल्या. मी त्यांना फोन केला. डबा मिळाल्याचं आणि भरलेला असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातली ज्वारी काकींनी येत्या रविवारच्या भाकरींपुरती दळून घेतली आहे, हेही.

मंगळवारी संध्याकाळी प्रज्ञा लोणारच्या स्टँडवर उतरली. मुलगी वडिलांच्या हाताला धरून उभी होती. दुसरबीडहून ताई आणि आई आल्या होत्या. आईच्या पिशवीत स्टीलची बरणी होती. प्रज्ञाने मुलीला उचललं, पिशव्या नवऱ्याकडे दिल्या आणि स्टँडच्या बाकावर बसली. आईने बरणीतून पेला भरून तिला दिला. सोलकढीत मीठ जास्त होतं. प्रज्ञाने दोन पेले घेतले. तिसरा मुलीने संपवला.